कारवीची शीट वाचताना

हर्बेरियमची, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, शीट खालच्या उजव्या कोपऱ्यातून वाचायला घ्यावी. लेबल तिथे असतं. नजर आधी झाडाकडेच धावते, ते साहजिक आहे. पण लेबल वाचेपर्यंत वरची वाळलेली फांदी कुठल्याच डोंगराची नसते. गाव, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याच्या वहीतला क्रमांक, आणि तो मनापासून लिहिणारा असेल तर आणखी दोन ओळी: झुडूप किती उंच होतं, फुलं कोणत्या रंगाची होती, उतार कसा होता, सावली होती की ऊन. एवढं वाचून मग वर यावं. लेबलावर ‘खर्डी’ असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच कसारा मार्गावरचं स्टेशन येतं, मागे सागाचं रान येतं, माहुलीच्या बाजूचे काळे कडे येतात, आणि ती फांदी कागदावर असूनही हिरवी होऊ लागते.

मला या शीटा वाचायचा छंद आहे, आणि त्यातही वासक कुलाच्या, म्हणजे वनस्पतिशास्त्रात ज्याला ॲकँथेसी म्हणतात त्या कुलाच्या. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे कुल शिकवायला लागत नाही. डोंगरउतारावरची कारवी, कुंपणाचा अडुळसा, पिवळ्या फुलांची काटेरी कोरांटी, ओहोळाकाठचा काटेरी तालिमखाना, पावसाळा सरल्यावर फुलणारी रानअबोली, कडू किराईत, आणि खाली ठाण्याच्या खाडीत चिखलात उभी असलेली मारांडी ही सगळी एका घरची मंडळी. दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटावं इतकी वेगळी. नातं उघड होतं ते फळात. या घरातल्या बहुतेकांच्या बोंडात प्रत्येक बीजाखाली एक बारीक, टणक आकडी असते. बोंड पिकून वाळलं की ओल लागताच, काहींत नुसत्या उन्हानेही, त्याची दोन शकलं ताडकन उलगडतात आणि ती आकडी बी लांब भिरकावते. कारवीची बोंडं फुलोऱ्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत झुडपावरच थांबतात आणि पहिल्या सरींबरोबर फुटतात. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना कुल ओळखायला पुस्तक लागणार नाही.

या कुलाच्या शीटा मोठ्या संख्येने जिथे आहेत ती ठिकाणं खर्डीपासून फार दूर नाहीत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे; एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूने १९०६ मध्ये त्याचा पाया घातला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं, आणि तिथे आधीच्या काळातले, इंग्रजी अमदानीतले नमुनेही आहेत. तरी परवापर्यंत या शीटा पाहायच्या म्हणजे पत्र लिहायचं, परवानगी घ्यायची, कपाटापुढे उभं राहायचं. आता शीटांचे फोटो काढून ते सर्वांसाठी खुले करण्याचं काम जगभर चाललं आहे. पॅरिसच्या संग्रहालयाने लाखो शीटांचे फोटो काढले, लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाने आपला संग्रह याच कामाला लावला, आणि आपल्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये कोलकात्यात ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ सुरू केलं, त्या वेळी त्यात सुमारे एक लाख प्रतिमा होत्या. म्हणून आता रसग्रहणाला निमित्त आहे. वस्तू सगळ्यांसमोर आली. ती वाचायची कशी हे आता एकमेकांना सांगितलं पाहिजे.

कारवीचीच शीट घेऊ. भारतात शीट साधारण २८ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच असते. कारवी माणसाहून उंच वाढते, दाट जाळी करते, पानं तळहाताहून मोठी. हे सगळं एवढ्याशा जाड कागदावर बसवायचं. म्हणजे गोळा करणाऱ्याला निवड करावी लागते, आणि शीटेतली पहिली कला या निवडीत असते. चांगला संग्राहक फुलोऱ्याचं टोक घेतो, त्याखालचा पेऱ्यांचा भाग घेतो, समोरासमोरच्या पानांची एक जोडी तरी पूर्ण ठेवतो. दाबताना एक पान मुद्दाम उलटं करतो. त्या उलट्या पानाकडे नेहमी लक्ष द्यावं. वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही एकाच शीटेवर दिसाव्यात म्हणून, अजून जन्मालाही न आलेल्या वाचकासाठी, कुणीतरी जंगलात ओल्या टीपकागदावर वाकून ते पान फिरवलेलं असतं. मला या एका पानात संग्राहकाचं शिक्षण, स्वभाव आणि सौजन्य तिन्ही दिसतं. घाईत केलेली शीट लगेच कळते: पानं एकावर एक चढलेली, फुलं पानाखाली दडलेली, देठ मोडून घुसवलेला.

मग प्रतिमा मोठी करत जावी. जुन्या शीटेवर फांदी दोऱ्याने टाचलेली असते. दोरा कुठून आत गेला, कुठे गाठ मारली हे दिसतं. कागदावर तपकिरी डाग असतात. पूर्वी किडीपासून बचाव म्हणून नमुना मर्क्युरिक क्लोराइडच्या विषारी द्रावणातून काढत असत, त्यामुळे जुनी शीट हाताळणं आजही जपूनच करावं लागतं. पडद्यावर ती भीती नाही. पानाच्या पृष्ठभागावर आलं की आखूड, फिकट रेघांची दाटी दिसते, जणू कुणी बारीक सुईने ओरखडे काढलेत. हे सिस्टोलिथ, पेशींमध्ये साठलेल्या चुन्याचे कण. ताज्या हिरव्या पानात ते पटकन जाणवत नाहीत. पान वाळून आकसतं तेव्हा वर उठून येतात. वासक कुलातल्या पुष्कळ झाडांची ही खूण आहे. झाड मेल्यावर त्याचं एक लक्षण अधिक स्पष्ट व्हावं, ही हर्बेरियमच्या वाचनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

रंगाचं मात्र उलट. कारवीचा निळा-जांभळा फुलोरा डोंगरावर मैलभरावरून दिसतो. शीटेवर तोच फुलोरा चहाच्या डागासारखा तपकिरी होतो. छदांचा, म्हणजे फुलांखालच्या पानांसारख्या भागांचा, चिकटपणा आणि त्यांचा तो उग्र वास तर जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून लेबलावरची ‘फुलं निळी’ ही ओळ कोरड्या नोंदीसारखी वाचून पुढे जाऊ नये. रंग कागदावर टिकणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने तो शब्दांत उतरवून ठेवला आहे. शीटेवर झाड आणि मजकूर एकमेकांची उणीव भरून काढतात. दोघांपैकी एकच पाहणारा अर्धीच शीट पाहतो.

आता तारीख. एका शीटेवरची तारीख म्हणजे एक दिवस, त्यापलीकडे काही नाही. पण कारवी दरसाल फुलत नाही. एका डोंगरावरची कारवी साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग आठव्या वर्षी पावसाळ्याअखेर सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०००, २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये अशी फुलली. तेव्हा फुलोरा असलेली कारवीची प्रत्येक शीट त्या झुडपाच्या शेवटच्या वर्षाची असते. मधल्या वर्षांत नुसती पानं कोण कशाला दाबील? फुलाशिवाय नमुना कमी मोलाचा. म्हणून वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या कपाटांत पडून असलेल्या फुललेल्या कारवीच्या शीटा एका रांगेत लावल्या, तर तारखा काही ठरावीक वर्षांभोवती गोळा व्हायला हव्यात. आणि खंडाळ्याचं वर्ष, इगतपुरीचं वर्ष, खर्डीचं वर्ष एकच होतं की वेगळं, हे शंभर वर्षं मागे जाऊन पाहता यायला हवं. हे काम एकेका शीटेने होत नाही. पुण्याची, मुंबईची, कोलकात्याजवळच्या हावड्याची आणि क्यूची कारवी एकाच पडद्यावर आली तरच होतं. डिजिटायझेशनची थोरवी मला सोयीत दिसत नाही, या रांगेत दिसते. एखाद्याने ब्रिटिश काळात सहज टिपलेली तारीख आणि कुणा विद्यार्थ्याने सत्तरच्या दशकात टिपलेली तारीख शेजारी बसतात, आणि दोघांनाही कल्पना नसलेलं एक वाक्य पुरं होतं.

संग्राहकाच्या नावावर मी नेहमी थांबतो. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. कूक हे मुळात रेल्वेचे अभियंते म्हणून भारतात आलेले, पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य झाले. त्यांच्या ग्रंथात प्रत्येक झाडाखाली ठिकाणं आणि संग्राहकांची नावं येतात, आणि नावापुढे उद्गारचिन्ह येतं. वनस्पतिशास्त्रात त्या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे: हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. स्टॉक्स, लॉ, वुड्रो अशा साहेबी नावांच्या ओळीत मध्येच ‘कानिटकर!’ येतं, आणि कुठे कुठे नुसतं ‘भिवा!’. आडनाव नाही, हुद्दा नाही. भिवाने आणलेली फांदी कूक यांनी हातात घेऊन पाहिली आणि छापील ग्रंथात तसं कबूल केलं. पुण्याच्या त्याच महाविद्यालयात हर्बेरियम सांभाळणारे रानडे यांच्या नावाने सोनघंटेचं शास्त्रीय नाव ‘ॲब्युटिलॉन रानडेई’ असं १८९४ मध्ये ठेवलं गेलं. सोनघंटा वेगळ्या कुलातली, पण रानड्यांचा उल्लेख टाळवत नाही. भिवाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. शीटेची प्रतिमा खुली झाली, लेबलावरचा मजकूर अक्षर अक्षर टंकून घेतला, संग्राहकाचा रकाना भरला, की भिवा हे नाव टाकून त्याने आणलेलं सगळं एकत्र शोधता येतं. तो कोणकोणत्या घाटांत हिंडला, कोणत्या महिन्यांत हिंडला, याचा नकाशा त्याच्या शीटांवरून काढता येईल. ज्याने एक ओळही लिहून ठेवली नाही अशा माणसाचं हे चरित्र असेल, आणि ते लिहिलं गेलं पाहिजे.

शीटेवर लेबलाच्या वर किंवा डाव्या बाजूला लहान चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. नंतर आलेल्या प्रत्येक अभ्यासकाने आपलं मत लिहून, खाली सही आणि साल घालून लावलेल्या. कारवीच्या शीटेवर त्यांचा एक छोटा इतिहास सापडू शकतो. नीस या जर्मन पंडिताने १८३२ मध्ये तिला ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ म्हटलं. १९४४ मध्ये डच अभ्यासक ब्रेमेकांप यांनी त्या मोठ्या प्रजातीचे पुष्कळ तुकडे केले आणि कारवीला तिच्या मराठी नावावरून स्वतंत्र प्रजाती दिली: ‘कार्व्हिया कॅलोसा’. पुढच्या अभ्यासकांना हे तुकडे मान्य झाले नाहीत. ती पुन्हा स्ट्रोबिलँथस झाली. अडुळशाचंही तसंच, कधी जस्टिसिया, कधी ॲढाटोडा, परत जस्टिसिया. या चिठ्ठ्यांचा शिष्टाचार असा की आधीची चिठ्ठी कुणी काढत नाही, खोडत नाही, झाकत नाही. चुकीची वाटली तरी नाही. आपली चिठ्ठी शेजारी लावायची आणि तारीख घालायची. विद्वत्तेच्या इतर प्रांतांत मतभेद इतक्या सभ्यपणे मांडलेले मी फारसे पाहिले नाहीत. आणि नेमकी इथेच संगणकाच्या यादीपेक्षा प्रतिमा श्रेष्ठ ठरते: यादीच्या रकान्यात शेवटचं नाव तेवढं उरतं, प्रतिमेत सगळा वाद जागच्या जागी राहतो.

मुंबई इलाख्यातल्या या कुलाचा एकत्र अभ्यास एच. सांतापाव यांनी केला. स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट झेवियर्समध्ये शिकवत होते. ‘ॲकँथेसी ऑफ बॉम्बे’ हा त्यांचा प्रबंध मुंबई विद्यापीठाने १९५१ मध्ये काढला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. खंडाळ्यावरचं त्यांचं पुस्तक अधिक प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते हा लहानसा प्रबंध शीट वाचणाऱ्याने आधी हाताशी ठेवावा. शीटा समोर पसरून, एकेक बोंड उघडून लिहिल्याचा त्याला पोत आहे. पुणे केंद्राच्या के. व्ही. बिल्लोरे यांनी नंतर ठाणे जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र अभ्यास केला. ठाण्याच्या माणसाला ही दोन नावं माहीत असावीत.

वाचनात अडखळायला होतं ते गावाच्या नावापाशी. लेबल इंग्रजीत. ‘खर्डी’ असं मराठीत वाचता येईल अशी गावं एकाहून अधिक आहेत. एक वसईकडे, एक थेट पंढरपूरजवळ. ‘ठाणा’ म्हणजे तर आजचा ठाणे आणि २०१४ मध्ये वेगळा झालेला पालघर, दोन्ही. प्रतिमेला नकाशावरचा बिंदू देणारा माणूस दूरच्या शहरात बसलेला असेल तर तो चुकीच्या खर्डीवर टाचणी लावू शकतो. अशा वेळी झाडच साक्ष देतं. फुललेली कारवी पंढरपूरच्या माळावर येणार नाही. तिला घाटाचा पाऊस आणि उतार लागतो. पण कोरांटी दोन्हीकडे येते, आणि कोरांटीच्या शीटेचा निवाडा फक्त लेबलावरच्या शेजारच्या शब्दांवरून, संग्राहकाच्या आदल्या-दुसऱ्या दिवसाच्या क्रमांकांवरून करावा लागतो. आदल्या दिवशी कसारा आणि दुसऱ्या दिवशी आटगाव असेल तर ही आपली खर्डी. १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत रूळ आले होते. मुंबईहून निघालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला स्टेशनावर उतरून चालत रानात शिरता येत होतं. क्रमांकांच्या पाठोपाठ जाताना त्याची गाडीसुद्धा दिसू लागते. पण हा निवाडा खात्रीने कोण करील? आटगाव आणि खर्डी यांत किती अंतर, मध्ये कोणता ओढा, हे पायाखालून गेलेला माणूस करील.

जुन्या लेबलावर ‘नदीकाठ’ असेल तर आणखी सावधपणे वाचावं. तानसा, वैतरणा, भातसा, तिन्ही नद्यांवर मुंबईच्या पाण्यासाठी धरणं झाली. तानसाचं १८९२ चं, मध्य वैतरणेचं अगदी अलीकडचं. तो काठ आज पाण्याखाली असू शकतो, आणि त्या जागेवरचं त्या झाडाचं अस्तित्व सांगणारा कागद कदाचित तेवढाच एक.

प्रतिमेच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. वासक कुलात परागकणांचे आकार इतके वेगवेगळे असतात की प्रजाती ठरवताना सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहावे लागतात. कॅमेरा तिथे पोचत नाही. फुलाच्या आतले केस, पुंकेसरांची जुळणी, बोंडातली आकडी, यांसाठी शीटच हवी. शीटेवर कागदाची छोटी पुडी असते, गळलेली फुलं-बोंडं त्यात ठेवतात; बहुतेक फोटोंत ती मिटलेलीच राहते, आणि या कुलाचं तर मर्मच त्या पुडीत असतं. फोटो काढणाऱ्यांनी वासक कुलापुरती तरी पुडी उघडून दुसरा फोटो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मोजपट्टी, रंगपट्टी आणि बारकोड चौकटीत असणं हे किमान. लेबल कापलं गेलेली किंवा मोठी करताच विरघळणारी प्रतिमा काढली काय, न काढली काय, सारखंच. आणि फोटो झाला म्हणून कपाटाकडे दुर्लक्ष करणं हा अपराध ठरेल. प्रतिमेमुळे शीटेची हाताळणी कमी होते, ठिसूळ पानं वाचतात. ती शीटेचा पहारा करते, जागा घेत नाही.

एक गोष्ट मात्र चांगल्यातल्या चांगल्या शीटेतही क्वचितच लिहिलेली असते. कारवीच्या काट्या शेजारी शेजारी उभ्या लावून, शेणमातीने लिंपून इथे घरांचे कूड झाले आहेत. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची कित्येक घरं या झुडपाच्या आधाराने उभी राहिली. कोणत्या वयाची काटी कुडाला चांगली, फुलून मेलेली चालते की आधी तोडावी लागते, कारवी फुलली की मधाचं काय होतं, हे त्या घरांतली माणसं जाणतात. लेबलावर ‘स्थानिक नाव’ आणि ‘उपयोग’ यांना जागा असते, आणि बहुधा ती कोरी असते. तो दोष झाडाचा नाही आणि माणसांचाही नाही. विचारलं गेलं नाही.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. या प्रतिमा उघडा. आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं शोधा, चुकलेली टाचणी दिसली तर त्या संस्थेला पत्राने कळवा. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, तुमच्या डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली होती ते सालासह लिहून ठेवा; लग्न, जन्म, दुष्काळ यांच्या आधाराने ती सालं अजून सांगता येतात. मुंबईच्या डोंगरांचा पुढचा फुलोरा २०३२ च्या सुमारास यायला हवा. खर्डीचा त्याच वर्षी येतो का, हे पाहायला तेव्हा कुणीतरी डोंगरावर असावं. वनखात्याची परवानगी काढून एक फांदी नीट दाबा, एक पान उलटं ठेवा, बोंडं पुढच्या उन्हाळ्यात जाऊन आणा, आणि लेबलावर गावाचं नाव मराठीतही लिहा.